चार सुरांचं गाणं आणि कानातला कापूस

आमच्या गावचं भजन ऐकून एकदा एक वाघ रडत रडत जंगलात परत गेला, असं माझा बाप सांगायचा. तो वाघ काही मी पाहिलेला नाही, म्हणून ही गोष्ट मी कोणाला सांगत नाही. मी आपलं डोळ्यांनी पाहिलेलंच सांगतो. मी पाहिलं ते असं, की मारुतीच्या पारावर टाळ वाजला की लिंबावरची झाडून सगळी पाखरं उठून शेजारच्या गावच्या लिंबावर जाऊन बसत. तिथलं भजन सुरू झालं की परत आमच्याकडं येत. त्या पाखरांना जन्मात धड झोप मिळाली नाही.

तेव्हा वाशीम हा जिल्हा नव्हता, अकोला जिल्ह्यातला तालुका होता. आम्ही आधी मध्यप्रदेशात होतो, मग कोणीतरी आम्हाला उचलून मुंबई राज्यात नेलं, आणि एवढा लांबचा प्रवास करूनही गाव मालेगाव अन् रिसोडच्या मधात जिथल्या तिथंच राहिलं. धुरळासुद्धा उडाला नाही.

आमच्या भजनाची एक रीत होती. तिला ‘सोबत’ म्हणत. भजनात एखादा सुरातून घसरला, ओळ विसरला, भलत्याच कडव्यात जाऊन पडला, तर त्याला एकटं सोडायचं नाही. सगळ्यांनी ताबडतोब त्याच्यामागं जायचं. एकटा चुकला तर ती चूक, सगळे चुकले तर ती चाल. माझ्या पणज्याच्या काळात एका म्हाताऱ्याला आरतीच्या दुसऱ्या ओळीत ठसका लागला, तर सगळ्या गावानं ठसक्याला सोबत केली. ती चाल पडली ती पडलीच. आमच्याकडं आरतीच्या दुसऱ्या ओळीला अख्खं गाव अजून एकदम खोकतं. नवी सून आली की सासू तिला चूल दाखवायच्या आधी तो खोकला शिकवते.

आता माझ्या आवाजाविषयी. मिसरूड फुटायच्या वेळेला माझा आवाज खाली उतरला आणि वर यायचं विसरून गेला. मी वावरात बैलांना ‘होऽ’ म्हटलं की तिकडं किन्हीराजा गावचे बैल थांबायचे. तिथले लोक एकदा भांडायला आले. म्हणाले, ‘‘लेका, तुह्ये बैल तू थांबव. आमचे कायले थांबवून राह्यला?’’ तेव्हापासून मी बैलांशी खुणेनं बोलू लागलो.

असा हा मी लग्नाचा झालो होतो, आणि लग्न कोणाशी करायचं हे माझ्या मनानं रिसोडच्या बाजारात ठरवूनही टाकलं होतं. तिथं एक मळेवाला वांगे घेऊन बसायचा. गावाबाहेर त्याचा मळा होता. वांगे, कांदे, कोथिंबीर पिकवायचा आणि बाजारादिवशी विकायचा. तागडी मात्र त्याची पोरगी धरायची. तिची जीभ अशी चालायची की गिऱ्हाईक भाव करायला तोंड उघडायचं आणि उघडंच ठेवून पैसे देऊन जायचं. मी दर बाजाराला दमणी, म्हणजे आमची छोटी बैलगाडी, जुंपून जायचो आणि मोठी पिशवी भरून वांगे आणायचो. घरात सकाळी वांगं, संध्याकाळी वांगं. माझ्या बापाचा रंग हळूहळू जांभळा व्हायला लागला.

एकदा ती म्हणाली, ‘‘काहो, घरी लग्न हाये का कोनाचं? इतके वांगे कायले लागतात?’’

मी म्हटलं, ‘‘लग्न नाई अजून.’’

‘‘मंग ढोराले घालता काय?’’

‘‘मीच खातो.’’

‘‘तेच तं इचारलं,’’ ती म्हणाली, आणि दोन वांगे जास्तीचे टाकले.

हे दोन वांगे म्हणजे होकार, असं मी धरून चाललो. बापाला आईकडून कळवलं. बाप रिसोडला जाऊन आला आणि तोंड पाडून पारावर बसला. मळेवाल्यानं पोरगा पसंत केला होता, शेती पसंत केली होती, पण एक अट घातली होती. त्याचे शब्द बापानं जसेच्या तसे सांगितले: ‘‘मी पोरगी पोट्ट्याले देत नाई, गावाले देतो. तुमच्या गावचं भजन मले आयकाव लागते. ज्या गावात भजनाले एकामेकाची सोबत नाई, त्या गावात उद्या माह्या पोरीची सोबत कोन करीन?’’ हनुमान जयंतीला तो येणार होता. भजन ऐकून काय ते तिथंच सांगणार होता.

कोणत्याही दुसऱ्या वर्षी ही अट म्हणजे आमच्या हातचा मळ. पण नेमकं त्याच वर्षी आमच्या म्हाताऱ्या मोहरक्याचे, म्हणजे भजनात पुढं म्हणणाऱ्याचे, दात पडले. दात गेल्यावर त्याच्या तोंडातून अभंगाऐवजी नुसता वारा यायला लागला. पहिल्या ओळीत दिवा विझायचा. त्यानं टाळ खाली ठेवले, आणि ते उचलायला तिघं धावले. एक सुतार. त्याचा आवाज रंध्यातून निघालेल्या सालपटासारखा बारीक आणि गोल गोल वर जाणारा. दुसरा किराणा दुकानदार. त्याचा आवाज मधलाच, पण तो कोणालाही पुढं जाऊ द्यायचा नाही. तिसरा माझाच बाप. प्रत्येकाच्या मागं त्याचे त्याचे लोक. महिनाभर तिघं एकाच वेळी तीन अभंग म्हणत होते. मारुतीनं कानावर हात ठेवले नाहीत ते केवळ एका हातात डोंगर होता म्हणून.

माझं लग्न या तीन मोहरक्यांच्या मधात अडकलं. मी आईला म्हटलं, ‘‘माय, बाले सांग ना माघार घ्याले.’’

आई म्हणाली, ‘‘तुह्या बापानं माह्यासमोर कधी माघार घेतली नाई, तं सुतारासमोर घेईन काय?’’

अशा वेळी गुरुजी पुढं आले. गुरुजी आमच्या शाळेचे, बाहेरगावचे, पुस्तकात लिहितात तसं बोलणारे. मास्तरकीचं शिकायला ते जिथं होते तिथं वसतिगृहाच्या मागं एक चर्च होतं, आणि रविवारी तिथली मंडळी चार रांगांत उभी राहून चार निराळ्या चाली एकदम गायची. गुरुजी भिंतीला कान लावून ऐकायचे. एवढे ऐकायचे, की त्यांचा एक कान थोडा चपटा झाला होता. मी खोटं सांगत नाही, टोपी तिरकी बसायची त्यांची.

गुरुजी पारावर येऊन म्हणाले, ‘‘तिघांनाही पुढारी होता येईल. असं गाणं असतं. प्रत्येकाची चाल वेगळी, पण सगळ्यांनी एकाच वेळी म्हणायचं.’’

माझा बाप म्हणाला, ‘‘गुर्जी, ते तं आमी महिन्याभरापासून करून राह्यलो.’’

‘‘तुमचं ते भांडण आहे. मी म्हणतो ते गाणं आहे.’’

‘‘फरक काय पडते?’’ दुकानदार म्हणाला.

‘‘गाण्यात सगळे एकदम थांबतात.’’

हे मात्र सगळ्यांना पटलं. भांडणात कोणी थांबत नाही, हे तिघांनाही स्वतःच्या अनुभवावरून ठाऊक होतं.

गुरुजींनी गाणं स्वतः रचलं. गावाच्या एकीचं गाणं. ‘एक गाव, एक भाव, एक सूर, एक ठाव.’ सुतार लगेच म्हणाला, ‘‘गाणं एकीचं, अन् म्हनाचं चार तऱ्हेनं? मंग एकी कुठं राह्यली?’’ गुरुजींनी त्याला सर्वांत वरची चाल दिली, तेव्हा तो गप्प बसला. दुकानदाराची चाल सुताराच्या जरा मागून निघायची आणि वाटेत त्याला गाठायची. बापाची चाल बाकीचे वर गेले की खाली यायची. आणि चौथी, सगळ्यांत खालची, ती माझी. माझ्या जोडीला गावचा कोतवाल, कारण दवंडी देऊन देऊन त्याचाही आवाज जमिनीला टेकला होता.

चौथ्या चालीत शब्द एकच होता. एक. तोही एकाच सुरात. बाकीचे गाव, भाव, ठाव करत हिंडून यायचे, आणि मी अन् कोतवालानं आपलं ‘एऽऽक... एऽऽक’ म्हणत बसायचं.

मी म्हटलं, ‘‘गुर्जी, सासरा आयकाले येऊन राह्यला, अन् मी एकच शब्द म्हनू?’’

‘‘तू पाया आहेस.’’

‘‘पायाले कोन पाहाते?’’

‘‘पाया काढला की सगळे पाहतात,’’ गुरुजी म्हणाले.

मी घरी सराव करायला बसलो. आई बाहेर पीठ चाळत होती. ती ऐकत राहिली, ऐकत राहिली, आणि शेवटी म्हणाली, ‘‘बापा, लहान लहान लेकरं शाळेत शंभरापर्यंत म्हनतात. तू अजून एकावरच काहून अडकून राह्यला?’’

तालमी सुरू झाल्या, आणि पहिल्याच दिवशी कळलं की आमच्या गावात असं गाणं होणं शक्य नाही. कारण सोबत! सुतार आपल्या चालीनं वर निघाला की दुकानदाराला वाटायचं, हा घसरला; आता याला एकटं कसं सोडायचं? तो आपली चाल टाकून सुताराच्या मागं. सुताराला वाटायचं, दुकानदार आपल्यासाठी आला, आता आपण त्याच्यासाठी गेलं पाहिजे; तो दुकानदाराच्या चालीत. दोघं वाटेत एकमेकांना ओलांडून जायचे, मग परत फिरायचे. महिनाभर भांडणारी माणसं गाण्यात इतकी सभ्य झाली की गाणं पुढं सरकेना. एकदा माझा बाप तिसरी चाल एकटाच म्हणत होता, म्हणजे अगदी बरोबर म्हणत होता, तर सगळे त्याला सोबत करायला गेले. बापाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, ‘‘माह्यासाठी इतकं केलं बा तुमी!’’ आणि गुरुजींनी स्वतःची टोपी चावली.

‘‘अहो, तो चुकला नव्हता!’’

‘‘एकटा होता ना पन,’’ सुतार म्हणाला.

गुरुजींनी दोन दिवस तालीम बंद ठेवली. तिसऱ्या दिवशी ते माझ्या घरावरून चालले होते. आमच्या ओसरीत कापसाचा ढीग होता. गुरुजी ढिगापुढं उभे राहिले. मग आत हात घालून त्यांनी चिमूटभर कापूस काढला आणि स्वतःच्या कानात घातला. मी त्यांना रामराम घातला, तर त्यांना ऐकू आला नाही. त्यांचा चेहरा असा फुलला, असा फुलला, की मी घाबरून आईला हाक मारली.

त्या संध्याकाळी सगळ्यांनी कानात कापूस घालून तालीम केली. गुरुजी हातवारे करून केव्हा निघायचं ते दाखवत होते. कोणाला कोणाचं ऐकूच येत नव्हतं, त्यामुळे कोण कुठं घसरला हे कळायची सोय नव्हती, त्यामुळे सोबत करायला कोणी उठलंच नाही. जो तो आपापल्या चालीनं गेला आणि आपापल्या चालीनं परत आला. चार सूर लागले. ते ऐकायला मात्र दोघंच होते. एक गुरुजी, आणि एक पारापाशी बांधलेली शेळी. गुरुजी रडले. शेळी तोंडात पाला धरून तशीच उभी राहिली, चावायचं विसरली, आणि दुसऱ्या दिवशी तिनं दूध दिलं ते धार न काढताच दिलं. मालकीण सांगायची. मी शेळीपाशी चौकशी केली नाही.

‘‘कसं झालं, गुर्जी?’’ आम्ही कापूस काढून विचारलं.

‘‘स्वर्ग,’’ गुरुजी म्हणाले.

‘‘आमाले तं काईच आयकू नाई आलं,’’ कोतवाल म्हणाला. स्वर्गाचं असंच असतं, असं त्याला वाटलं असावं.

हनुमान जयंती उजाडली. सकाळी जन्म झाला, सुंठवडा वाटला. दुपारी पारामागं गोवऱ्यांची आगटी पेटवून त्यात रोडगे भाजायला घातले. रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे. आत भाजायला वेळ लागतो आणि बाहेर करपायला लागत नाही, म्हणून त्यांच्यावर डोळा ठेवावा लागतो. उन्हं कलल्यावर मळेवाला आला. दमणीतून उतरला तो टोपलीभर वांगे घेऊनच उतरला. माझ्या बापानं वांगे पाहिले आणि एक आवंढा गिळला.

माझी तयारी घरी चालली होती. सुताराच्या लग्नातला फेटा माझ्यासाठी मागून आणला होता. तो फेटा इतका लांब होता, की एक टोक माझ्या डोक्यावर आणि दुसरं शेजाऱ्याच्या अंगणात. आई बांधत आली, बांधत आली. कान झाकले, भुवया झाकल्या. फेटा बांधायच्या आधी मी कापूस घालून घेतला. आज चूक चालणार नव्हती. म्हणून चिमटीनं नाही, मुठीनं घातला. आमचाच कापूस, लांब धाग्याचा. कान असे बंद झाले की मला स्वतःचा जीव आत धडधडताना ऐकू यायला लागला, बाकी जग मुकं.

इकडं पारावर काय झालं ते मला मागून कळलं. माझा बाप पाहुण्याकडं पाठ करून कानात कापूस कोंबत होता, तो दात पडलेल्या मोहरक्याच्या म्हातारीनं पाहिला. ती किंचाळली, ‘‘अवं माय! जित्या मानसाच्या कानात कापूस? अन् तोई लग्नाच्या बोलन्यात? कोन मेलं बा गावात?’’

कापूस मेलेल्या माणसाच्या नाकाकानात घालतात, हे इतके दिवस कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. एका क्षणात पारावर कापसाचा पाऊस पडला. सगळ्यांनी उपटून फेकला. पाहुण्याच्या पायापाशी बोळे पडले ते कोतवालानं पायानं सारले. पाहुण्यानं पाय जवळ घेतले. गुरुजी पांढरेफटक पडले, पण करतात काय? प्रत्येकाच्या कानाशी जाऊन ते पुटपुटले, ‘‘आता तुमचा भरवसा. कोणी कोणाच्या मदतीला जाऊ नका. हात जोडतो.’’

मी पोचलो तेव्हा ते माझ्याही जवळ आले. कानाशी तोंड आणून काहीतरी म्हणाले. कापूस काढ, असं म्हणाले होते म्हणे. मला वाटलं आशीर्वाद देत आहेत. मी वाकून नमस्कार केला.

गुरुजींनी हात वर केला. सुतार निघाला, त्याच्या मागून दुकानदार, मग बाप, आणि मी डोळे मिटून ‘एऽऽक’ला हात घातला.

पहिली ओळ चांगली गेली, असं सगळे सांगतात. पण सुतारानं पाहुण्याकडं पाहिलं. पाहुणा आपल्याकडंच पाहतो आहे असं त्याला वाटलं, आणि तो ठरल्यापेक्षा थोडा जास्त वर चढला.  महिनाभर ज्याच्याशी भांडला, त्याला असा आभाळात एकटा लटकलेला दुकानदाराला पाहवेना. गेला त्याच्या मागं. दुकानदाराचे लोक गेले. माझ्या बापानं डोळे गच्च मिटून, मुठी आवळून दम धरला. एकुलत्या एका पोराचं लग्न होतं, शेवटी तोही बाप होता. पण त्याच्याआधी तो आमच्या गावचा होता. तोही गेला. शेवटी कोतवालानं माझ्याकडं एकदा पाहिलं, सगळ्या गावाकडं एकदा पाहिलं, आणि सरकारी माणूस जिकडं जास्त लोक तिकडं गेला.

मला यातलं काहीच ठाऊक नाही! मी आपला ‘एऽऽक... एऽऽक’. मनात म्हणतो आहे, आज काय लागला आहे सूर! एक डोळा किंचित उघडून पाहिलं, तर गुरुजी रडत होते. मी म्हटलं, जमलं. आणखी जोरात म्हटलं. अख्खं गाव मांजराच्या आवाजात आभाळात लटकलेलं, आणि खाली मी एकटा, विहिरीत पडलेल्या रेड्यासारखा.

तेवढ्यात पाहुणा उठला.

मी दुसराही डोळा उघडला. तो सरळ माझ्याकडं चालत येत होता.  आता हा माझ्या तोंडावर हात ठेवणार. तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, खांद्याला खांदा लावला, छाती भरून घेतली आणि ‘एऽऽक’ म्हणाला. जन्मभर मळ्यात राघू हाकलून कमावलेला आवाज होता तो. माझ्या बंद कानातसुद्धा त्याची धग आली. माझा फेटा हलला.

आणि मग जे झालं ते आमच्याच गावात होऊ शकतं. पाहुणा चुकला! गावचा पाहुणा, होणारा व्याही, सगळ्या मंडळाला सोडून भलत्याच सुरात गेला! त्याला एकटं सोडलं तर गावाची अब्रू ती काय राहिली? सुतारानं आभाळातून उडी टाकली. दुकानदार आला, माझा बाप आला, कोतवाल तर गेला तसाच परत आला. ऐकायला बसलेले उठले. देवळामागच्या बाया आल्या. आगटीपाशी बसलेले हातातल्या काटक्यांसकट आले. दात पडलेला मोहरक्या आला आणि वाऱ्यानं ‘एऽऽक’ म्हणाला. अख्खं गाव एका शब्दावर, एका सुरावर. पारावरचा लिंब मुळापासून थरथरत होता आणि मी मधात उभा राहून विचार करत होतो, ही चौथी चाल इतकी कशी आवडली लोकांना?

पण थांबायचं कसं? गाणं संपवायची ओळ सुताराच्या चालीत होती, आणि सुतार तर आमच्यात. गुरुजी दोन्ही हात खाली आणत होते, कोणी बघत नव्हतं. ‘एऽऽक’ चालू राहिला, चालूच राहिला. किन्हीराजाचे बैल त्या दिवशी उभे राहिले ते दुसऱ्या दिवशीच हलले म्हणतात. शेवटी करपल्याचा वास आला. एक बाई ओरडली, ‘‘माय वं, रोडगे!’’ आणि सगळे एकदम थांबले.

गुरुजी पारावर बसले होते, तोंड ओंजळीत धरून. पाहुणा त्यांच्याजवळ गेला आणि म्हणाला, ‘‘गुर्जी, सुरुवातीले मले वाटलं काई जमत नाई. पन शेवटी एकदम थांबले बा सारे.’’

करपलेल्या रोडग्यांची साल काढत पंगत बसली. फेटा सोडायच्या निमित्तानं मी कापूस काढून सदऱ्याच्या खिशात कोंबला, आणि मला जग पुन्हा ऐकू आलं. पहिलं जे ऐकू आलं ते माझ्या बापाचं बोलणं. बाप पाहुण्यासमोर हात जोडून बसला होता. ‘‘पाव्हने, काय सांगू? तुमी सोबत पाहाले आलते, अन् गावानं तुमच्यादेखत माह्या पोट्ट्याले एकटं सोडलं. मी सोता सोडलं. तुमी मनात काई—’’

पाहुणा रोडगा मोडत होता. त्यानं तुकडा वरणात कालवला, घास घेतला, सावकाश चावला. तेवढ्या वेळात माझी जी काय उमर गेली ती आजतागायत भरून निघाली नाही. घास गिळून तो म्हणाला, ‘‘गाव सुटलं, बाप सुटला, तरी पोट्टा जाग्यावरून हालला नाई. असा मानूस मी पाह्यला नव्हता.’’ मग माझ्याकडं वळून म्हणाला, ‘‘जवाईबापू, जरा वांग्याची भाजी इकडं सरकवा.’’

जवाईबापू! मी भाजी सरकवली ती अख्खं भगोनंच सरकवलं.

लग्न झालं. मंडपात आरती झाली, दुसऱ्या ओळीला नवरी सगळ्यांच्या आधी खोकली. तिच्या बापानं हनुमान जयंतीच्या संध्याकाळची आरती ऐकून शिकवून पाठवली होती.

माझी धीराची कीर्ती पंचक्रोशीत पसरली. मानोऱ्याकडून लोक मला पाहायला यायचे. हाच तो, गाव फिरलं तरी न हालणारा. मी दोन महिने मिशीला पीळ देऊन हिंडलो. मग एके दिवशी आईला माझा लग्नाआधीचा सदरा धुताना खिशात तो कापूस सापडला आणि तिनं सुनेला त्याची गोष्ट सांगितली. बायको ओसरीत येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

‘‘म्हंजे तुमी धीराचे नाई. बहिरे होते.’’

मी म्हटलं, ‘‘पन मी बरोबर होतो. मी एकटाच बरोबर म्हनत होतो.’’

‘‘सारं गाव एकीकडं अन् तुमी एकटे एकीकडं. मंग चुकलं कोन?’’

 मी मिशी सरळ केली. पण सासऱ्याला काय सांगायचं, ही धास्ती लागली. आज नाही उद्या ती माहेरी जाणार आणि तोंड उघडणार, आणि ते एकदा उघडलं की काय होतं ते मी बाजारात पाहिलं होतं. म्हणून पुढच्या खेपेला तिला घेऊन माहेरी गेलो, तेव्हा ती झोपडीत शिरली तोच मी आधी मळ्यात गाठलं. सासरा वांग्याच्या सरीत वाकून गवत काढत होता. मी त्याच्या शेजारी बसून गवत काढत काढत सगळं सांगून टाकलं.

तो मान वर न करता म्हणाला, ‘‘मले मालूम हाये. फेट्याखालून वीतभर कापूस लोंबून राह्यला होता तुह्या. अन् बाकीच्यांचे बोळे तं माह्या पायाशीच पडले होते.’’

माझ्या हातातलं गवत खाली पडलं. ‘‘मंग पोरगी देल्ली कायले, मामाजी?’’

आता त्यानं इकडं तिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. ‘‘माही पोरगी बोलते कशी, तुले मालूम हाये ना? तुह्या आधी तीन पोट्टे पाहून गेलते. तिचं आयकलं अन् पयाले. तुले पाह्यलं, म्हनलं, हा घरूनच तयारी करून आला बा.’’

मी पोट धरून हसलो. तोही हसला. जरा वेळानं मी विचारलं, ‘‘पन मंग तुमी उठून माह्यासंगं काहून म्हटलं? मी चुकलो नव्हतो, हे तं तुमाले मालूम होतं.’’

सासऱ्यानं एक वांगं तोडलं, अंगठ्यानं पुसलं आणि टोपलीत टाकलं.

‘‘एकटा होता ना तू,’’ तो म्हणाला.

  तेवढ्यात तिकडून, मळ्याच्या झोपडीपासून, पाखरं उडतील असा माझ्या बायकोचा आवाज आला, ‘‘काहो! कवाच्या हाका मारून राह्यली! कापूस काढा अन् जेवाले या!’’

सासऱ्यानं माझ्याकडं पाहिलं, मी सासऱ्याकडं. दोघांनी एकदम ‘ओऽऽ’ दिली, एकाच सुरात, अगदी खालच्या. सरीच्या पलीकडं कोणाचा तरी बैल थांबला.